केंद्रप्रमुखाच्या प्रकल्प नोंदी: बदल्या, पट आणि मुलांचा चार्ज (जून ते नोव्हेंबर २०२५)

९ जून २०२५, सोमवार

शाळा उघडायला आठवडा राहिला. आज केंद्रशाळेत बसून माझ्या केंद्रातल्या, म्हणजे मी बघतो त्या गटातल्या, अकराही शाळांचा तक्ता नव्याने मांडला. मंजूर पदं २६, हजर शिक्षक २०. धनगरवाडी, सडेवाडी आणि बौद्धवाडी या तीन शाळा एकशिक्षकी. केंद्रशाळेत मुख्याध्यापकाचं पद रिकामं आहे, पदभार ज्येष्ठ उपशिक्षिका बाईंकडे.

रिक्त पदांचं कारण कोकणात सगळ्यांना पाठ आहे. भरती झाली की मराठवाडा, विदर्भ, खानदेशातली मुलं-मुली गुणवत्तेवर इथे येतात. काही वर्षं मन लावून शिकवतात आणि आंतरजिल्हा बदली मिळाली की आपल्या गावी परततात. म्हातारे आईवडील तिकडे, नवरा किंवा बायको तिकडे नोकरीला, त्यांनी तरी काय करावं? पण जाणारे एका दमात जातात आणि नवे यायला वर्षं लागतात. मधला काळ वाडीवरच्या चार इयत्ता एकाच माणसाच्या जिवावर निघतात.

यंदाचं नियोजन करताना एक गोष्ट मनाशी पक्की केली आहे. आराखडा शिक्षकाच्या नावावर बांधायचा नाही, मुलाच्या स्तरावर बांधायचा. कोण शिक्षक कुठे असेल हे सप्टेंबरपर्यंत कुणालाच सांगता येणार नाही, कारण जिल्ह्यांतर्गत बदल्यांची प्रक्रिया अजून चालूच आहे. मूल मात्र तिथेच असेल.

म्हणून निपुण महाराष्ट्र कृती कार्यक्रमातले गट मोडायचे नाहीत. हा कार्यक्रम ५ मार्चला सुरू झाला आणि कागदावर ३० जूनला संपतो. दुसरी ते पाचवीच्या मुलांचे अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे वाचनाचे गट पडलेत, गणितातही तसेच. इयत्ता बाजूला ठेवून स्तराप्रमाणे बसवणं ही बहुवर्ग शाळेची गरजच आहे. दीड तास रोज, वर्षभर चालवायचं.

दुसरी गोष्ट जोडशाळेची. जवळच्या दोन छोट्या शाळांनी आठवड्यातून एक दिवस एकत्र भरायचं. पाऊस ओसरल्याशिवाय हे शक्य नाही, म्हणून ऑक्टोबरपासून.

१६ जून २०२५, सोमवार

प्रवेशोत्सव. केंद्रात पहिलीला १९ मुलं आली. दोन शाळांत पहिलीत एकही नाही. धनगरवाडीत एक मुलगा, त्याला तिसरीतली बहीण हाताला धरून घेऊन आली. पहिलीची नवी पुस्तकं सगळीकडे पोचली आहेत.

२४ जून २०२५, मंगळवार

धनगरवाडी. गाडी देऊळवाडीपर्यंत जाते, पुढे पाणंदीने चढ. पट ९: पहिलीत एक, दुसरीत दोन, तिसरीत चार, चौथीत दोन. खोल्या दोन, भरते एकच.

सरांचा दिवस सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायचा असं ठरवून गेलो होतो. परिपाठ झाल्यावर चौथीच्या दोघांना अपूर्णांकाचं उदाहरण फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहून दिलं. तिसरीला धड्यातले जोडाक्षरांचे शब्द शोधायला बसवलं. दुसरीच्या दोघांसमोर काड्यांचे गठ्ठे. मग पहिलीच्या एकट्या मुलापाशी मांडी घालून बसले आणि त्याचं बोट धरून वाळूत अक्षर गिरवून घेतलं. पाच-सहा मिनिटांत चौथीतला हात वर. उठले, तिकडे गेले, परत आले, तोवर पहिलीतला मुलगा वाळूत बैल काढत होता. सरांनी बैल पुसला नाही. त्याच्याच खाली ‘ब’ काढला आणि विचारलं, हा कुणाचा? मुलगा म्हणाला, बैलाचा.

हे सगळं चालू असताना तांदूळ मोजून देणं, मोबाइलवर पोषण आहाराची माहिती भरणं आणि एका पालकाला दाखल्यासाठी तारीख शोधून देणं हेही झालं. शेरेबुकात नेहमीचे दोन शब्द लिहून निघणं मला जमेना. सविस्तर लिहिलं.

या सरांना इथे सहा वर्षं झाली. ते बदली अधिकारप्राप्त यादीत आहेत.

३० जून २०२५, सोमवार

पहिलीपासून तिसऱ्या भाषेचे एप्रिल आणि जूनचे दोन्ही शासन निर्णय काल रद्द झाले. आमच्या एकशिक्षकी शाळांत त्या तासाला शिकवायला माणूसच नव्हता. तो वेळ पहिली-दुसरीच्या गोष्ट ऐकण्याला दिला. रोज एक गोष्ट, शिक्षकाने मोठ्याने वाचायची. सगळ्या शाळांना आजच कळवलं.

८ जुलै २०२५, मंगळवार

सडेवाडीचे एकमेव सर बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामासाठी तहसीलला बोलावले गेले. शाळा बंद ठेवायची नाही म्हणून देऊळवाडीतल्या दोन शिक्षकांपैकी एकाला तात्पुरत्या कामगिरीवर तिकडे पाठवलं. संध्याकाळी देऊळवाडीच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष ताईंचा फोन. “गुरुजी, आमच्या पोरांचं काय? एका शाळेचं छप्पर काढून दुसरी शाकारायची होय?” त्यांचं खरं आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत आणि त्यांच्या शाळेत पट २२ आहे. मी त्यांना तारीख देऊन सांगितलं की गुरुवारी सर परत येतील.

कामगिरीचा आदेश ही तातडीची सोय आहे, ती नियोजनात धरायची नाही. आपल्याकडे ती हळूहळू कायमची होते आणि मग दोन्ही शाळा अर्ध्या राहतात. या वर्षी नियम करतो: सलग तीन दिवसांपेक्षा जास्त कामगिरी द्यायची असेल तर आधी दोन्ही गावच्या समित्यांशी बोलायचं.

१५ जुलै २०२५, मंगळवार

चांगली बातमी. बौद्धवाडीला निवृत्त गुरुजी यायला तयार झाले. २०२३ च्या जुलैमधल्या निर्णयाप्रमाणे निवृत्त शिक्षकांना महिना २० हजार मानधन आहे, त्यानुसार त्यांचा प्रस्ताव गेला आणि मंजूर होऊन आला. गुरुजी याच पंचक्रोशीतले. पालकांपैकी निम्मे त्यांच्या हाताखाली शिकलेले. सत्तरी जवळ आली तरी सकाळी पावणेदहाला शाळेत हजर.

सडेवाडीसाठी गावातली डी.एड. झालेली मुलगी तयार आहे. गेल्या वर्षी छोट्या शाळांत १५ हजार मानधनावर कंत्राटी शिक्षक घ्यायचा निर्णय झाला होता तेव्हा तिने काही महिने शिकवलं. तो निर्णय फेब्रुवारीत रद्द झाला. मुलं अजून तिला रस्त्यात बाई म्हणून हाक मारतात. ग्रामपंचायतीने स्वनिधीतून काही मानधन द्यायची तयारी दाखवली आहे. रक्कम फार नाही. तिला मी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, अर्ज न चुकता भरायला सांगितलं. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून लागली तर शिक्षणसेवक म्हणून १६ हजारांवर तीन वर्षं आणि पुढे नियमित वेतनश्रेणी. हुशार पोरगी आहे, तिचं आयुष्य आमच्या तात्पुरत्या सोयीत अडकू नये.

२२ जुलै २०२५, मंगळवार

पऱ्याला पाणी. धनगरवाडीचा साकव हलतोय, मुलांना पाठवू नका म्हणून निरोप दिला. ग्रामसेवकांना फोटो पाठवले. पालक लावणीत, मोठी मुलं धाकट्यांना सांभाळायला घरी. हजेरी अर्धी.

११ ऑगस्ट २०२५, सोमवार

पायाभूत चाचणी गेल्या आठवड्यात झाली. भाषा, गणित, इंग्रजी. गुण पोर्टलवर भरायचं काम चालू आहे, पण मी शाळांकडून उत्तरपत्रिकाच मागवल्या आणि शनिवार-रविवार त्यात घालवला.

एकशिक्षकी शाळांतली मुलं वाचनात मागे पडलेली नाहीत. हे बघून बरं वाटलं. मोठ्याने वाचणारी मोठी मुलं आणि ऐकणारी धाकटी मुलं एकाच खोलीत असल्याचा हा फायदा असावा. मागे पडलीत ती शाब्दिक उदाहरणांत आणि स्वतःच्या मनाने लिहिण्यात. या दोन्हींना शिक्षकाने शेजारी बसून बोलावं लागतं आणि शेजारी बसायलाच त्याला वेळ नाही. इंग्रजीत तर चौथीच्या मुलांनी कित्येक प्रश्न कोरेच सोडलेत.

मग जोडशाळेच्या दिवशी नेमकं काय करायचं ते ठरलं. त्या दिवशी वाचन नाही घ्यायचं. दोन शाळांचे शिक्षक एकत्र असतील, एकाने मोठ्या मुलांची शाब्दिक उदाहरणं आणि लेखन घ्यायचं, दुसऱ्याने धाकट्यांना खेळातून इंग्रजी द्यायचं. खो-खोला दोन संघ होतील हा मुलांच्या दृष्टीने सगळ्यात मोठा लाभ. नऊ मुलांच्या शाळेत खो-खोचा डावच बसत नाही.

२५ ऑगस्ट २०२५, सोमवार

परवा गणपती. शाळांना सुट्टी लागली, गावं चाकरमान्यांनी भरली. शिक्षकांच्या ग्रुपवर मात्र बदल्यांशिवाय दुसरा विषय नाही.

नव्या शिक्षणसेवकांना ही प्रक्रिया माहीत नसते, त्यांच्यासाठी इथे लिहून ठेवतो. आधी विशेष संवर्ग भाग एक: दिव्यांग, दुर्धर आजाराचे, विधवा, परित्यक्ता, ५३ वर्षं पूर्ण झालेले वगैरे. मग भाग दोन: पती-पत्नी दोघे नोकरीत असून तीस किलोमीटरपेक्षा लांब असतील तर त्यांचं एकत्रीकरण. मग बदली अधिकारप्राप्त, म्हणजे अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढलेले. त्यानंतर बदलीपात्र: सर्वसाधारण क्षेत्रात दहा वर्षं आणि सध्याच्या शाळेत पाच वर्षं झालेले. त्यातून जागा गेल्यामुळे उठलेले ते विस्थापित, त्यांची फेरी वेगळी. आणि सर्वात शेवटी अवघड क्षेत्रातल्या उरलेल्या जागा भरण्याची फेरी.

सगळं संगणकावर होतं, वशिला चालत नाही. पूर्वीचं जिल्हा परिषदेच्या आवारातलं समुपदेशन ज्यांनी पाहिलंय त्यांना याची किंमत कळेल. पण क्रम पुन्हा वाचला की दिसतं, धनगरवाडीसारख्या शाळेचा विचार शेवटच्या फेरीत होतो. शिक्षक तिथे स्वतः मागून कमी येतात, बहुतेक वेळा उरलेली जागा म्हणून येतात. असा माणूस पहिल्या दिवशी कुठल्या मनःस्थितीत पायवाट चढत असेल याचाही विचार आमच्या नियोजनात असला पाहिजे.

३ सप्टेंबर २०२५, बुधवार

परवा, १ सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाचा टीईटीचा निकाल आला. ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे त्या सगळ्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं, नाही तर नोकरी सोडायची. ज्यांची पाच वर्षांहून कमी उरली त्यांना सवलत आहे, पण बढती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा.

केंद्रातले निम्म्याहून जास्त शिक्षक शिक्षण हक्क कायद्याच्या आधी लागलेले. पंचेचाळीस-पन्नाशीची माणसं. आज दिवसभर फोन. केंद्रशाळेच्या एका बाईंनी विचारलं, “सर, पंचवीस वर्षं शिकवलं ते काय होतं मग?” मला उत्तर देता आलं नाही आणि खोटा धीर द्यावासा वाटला नाही.

गुणवत्तेची कसोटी असावी याला माझा विरोध नाही. पण कामावर घेताना जी अट नव्हती ती दोन दशकांनी लावताना अभ्यासाला वेळ आणि आधार दोन्ही दिलं पाहिजे, असं मी लेखी कळवणार आहे. तोवर आमच्या हातातलं करू. केंद्रातल्या शिक्षकांच्या दर महिन्याच्या बैठकीतला, शिक्षण परिषदेतला, शेवटचा दीड तास टीईटीच्या तयारीला. बालमानसशास्त्र निवृत्त गुरुजी घेतील, गणित खालच्या वाडीचे पदवीधर शिक्षक. डी.एड. झालेली सडेवाडीची मुलगीही येईल, तिची तयारी आमच्यापेक्षा ताजी आहे.

१५ सप्टेंबर २०२५, सोमवार

आदेश आले. केंद्रातून सात जण जाणार, पाच येणार. मंजूर २६ मध्ये हजर १८ राहतील. धनगरवाडीचे सर चालले. खालच्या वाडीचे पदवीधर शिक्षकही चालले, सहावी-सातवीचं गणित-विज्ञान एकट्याने ओढत होते ते. सहामाही परीक्षा तोंडावर आणि अर्ध्या वर्षात वर्गातला माणूस बदलतोय. बदल्या मे महिन्यात झाल्या पाहिजेत, हे प्रत्येक पातळीवर सगळे मान्य करतात.

आज रात्रीच चार्जच्या याद्यांचा नमुना काढून बघितला. कार्यमुक्त होणारा शिक्षक काय काय देतो? दाखलखारीज रजिस्टर, कॅशबुक, पासबुक, जडवस्तू संग्रह, बाके, कपाटं, वजनकाटा, तांदळाची शिल्लक, किल्ल्या. सगळ्यावर सह्या. मुलांचा उल्लेख फक्त पटसंख्येच्या आकड्यात. कुठलं मूल काय वाचतं, कुठे अडतं, कशाने बोलतं होतं, हे सांगणारी एकही ओळ त्या यादीत नाही. सहा वर्षांत सरांना जे कळलं ते त्यांच्याबरोबर दुसऱ्या तालुक्यात निघून जाणार आणि नव्या बाई दिवाळीपर्यंत तेच पुन्हा शोधत बसणार.

यादीला एक पुरवणी जोडायची. नाव ‘मुलांचा चार्ज’. प्रत्येक मुलाला एक आडवी ओळ: वाचन स्तर, गणित स्तर, कुठे अडतं, कशाने खुलतं, घरी लक्ष देणारं कोण, तब्येतीचं काही. गोपनीय ठेवायचं, ग्रुपवर टाकायचं नाही, शाळेच्या कपाटात राहील. ही पुरवणी भरून दिल्यावरच मी चार्ज यादीवर प्रतिस्वाक्षरी करणार. गटशिक्षणाधिकाऱ्यांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, करा, आणि नमुना मलाही पाठवा.

१९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

धनगरवाडीचा चार्ज. मी मुद्दाम थांबलो.

नव्या बाई खाडीकाठच्या मोठ्या शाळेतून आल्या. विस्थापित फेरीत ही जागा मिळाली. चढ चढून आल्यावर पायरीवर बसल्या आणि थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. वाडीतल्या एका आजींनी तांब्याभर पाणी आणि कोकमाचं सरबत आणून दिलं. मग आत जाऊन वस्तूंची यादी झाली. वजनकाट्याचं एक माप कमी भरलं, ते जुन्या नोंदीत सापडलं.

त्यानंतर सरांनी दोन फुलस्केप कागद काढले. आदल्या रात्री बसून हाताने लिहिलेले. काही ओळी इथे उतरवतो, नावं वगळून.

“तिसरी, मुलगी. परिच्छेद वाचते. रफार आणि रकारात गोंधळ. मोठ्याने वाच म्हटलं की गप्प होते. पहिलीतल्या भावाला वाचून दाखव म्हणावं, मग थांबत नाही.”

“चौथी, मुलगा. भागाकार येतो. शाब्दिक उदाहरणात काय विचारलंय ते लवकर कळत नाही. शेळ्या-मेंढ्यांचं उदाहरण करून दिलं की तोंडी सोडवतो. मग तेच वहीत लिहायला लावावं.”

“दुसरी, मुलगा. वडील मुंबईला हॉटेलात, आजीकडे असतो. आठवडी बाजाराच्या दिवशी उशिरा येतो, रागावू नये. डाव्या कानाने कमी ऐकू येतं असा संशय, तपासणी राहिली आहे. उजवीकडून बोलावं.”

बाईंनी कागद दोनदा वाचले. मग मुलांना एकेक करून जवळ बोलावलं. दुसरीतल्या मुलाला त्यांनी आपल्या डाव्या बाजूला बसवलं, म्हणजे त्याचा उजवा कान त्यांच्याकडे येईल. मी काही सुचवायची गरज राहिली नाही.

राहण्याचा प्रश्न समितीने सोडवला. देऊळवाडीत एका घराची पुढची पडवी आणि खोली, भाडं नको म्हणाले. रोज एसटीने तालुक्याहून ये-जा करायची तर शेवटची गाडी पाचला, पावसात चुकली की पंचाईत.

सर निघताना मुलं साकवापर्यंत आली. सरांनीच त्यांना परत पाठवलं, पाऊस भरून आला होता.

कानाच्या तपासणीसाठी शाळा आरोग्य पथकाच्या डॉक्टरांना आजच फोन केला. पुढच्या मंगळवारी देऊळवाडीत येतील.

३० सप्टेंबर २०२५, मंगळवार

पट निश्चितीचा दिवस. आजच्या पटावर पुढची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकांची पदं मंजूर ते, ठरते आणि तीही आधार वैध असलेल्या पटावर.

खालच्या वाडीच्या शाळेत सहावी-सातवी मिळून २० मुलं. १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने या गटात २० पेक्षा कमी पट झाला तर पदवीधर शिक्षकाचं पदच उरत नाही. वीस मुलांपैकी एक मुलगा नेपाळी कुटुंबातला. आईवडील आंब्याच्या बागेत राखणीला, बारा महिने इथेच. मुलगा पहिलीपासून आपल्याच शाळेत, मराठीत कविता म्हणतो, कबड्डीत पहिला. त्याचं आधार नाही. पोर्टलच्या हिशोबात पट १९.

म्हणजे या एका मुलाच्या कागदावर उरलेल्या एकोणीस मुलांचा गणिताचा शिक्षक लटकलाय. नवा पदवीधर शिक्षक आलेला नाही, पद रिकामंच आहे आणि आता ते पदही जायचं. मग पाचवीनंतर मुलांनी जायचं कुठे? पुढची शाळा सहा किलोमीटरवर. शिक्षण हक्काच्या नियमांत उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत हवी असं आहे. मुलगे सायकलने जातील, मुलींच्या बाबतीत घरी काय निर्णय होतो ते मी या भागात पुरेसं पाहिलंय.

मुलगा प्रत्यक्ष वर्गात बसतो याचा पुरावा जोडला: पहिलीपासूनची हजेरी, दाखलखारीजचा उतारा, पालकाचा जबाब, समितीचा ठराव. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी स्वतः येऊन पडताळणी करावी असा प्रस्ताव दिला. आधारविना शिकणारं मूल हे शिकणारं मूलच आहे. पटात धरलं गेलं पाहिजे.

१० ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

काल जोडशाळेचा पहिला दिवस, धनगरवाडी आणि देऊळवाडी मिळून. एकतीस मुलांपैकी सव्वीस हजर. भातकापणी सुरू आहे, एवढी आली हे पुष्कळ.

पोषण आहाराचा हिशोब आधी नीट लावावा लागला. पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ. धनगरवाडीचा तांदूळ मोजून बरोबर आणला, तिथल्या स्वयंपाकी ताई मुलांबरोबरच खाली आल्या. अडीच हजार मानधनात त्या हा जास्तीचा डोंगर उतरल्या, त्यांचे आभार मी समितीच्या इतिवृत्तात लिहायला सांगितले.

बाईंनी मोठ्या मुलांना एक काम दिलं: आपल्या घरी आज किती माणसं कापणीला आली, किती भारे झाले, उद्या किती होतील, यावर उदाहरण तयार करा आणि दुसऱ्या शाळेतल्या मुलाला सोडवायला द्या. शेळ्या-मेंढ्यांवाल्या मुलाने चार उदाहरणं लिहिली. त्यातलं एक देऊळवाडीच्या पाचवीतल्या मुलीलाही सुटेना, तेव्हा त्याने ते तिला समजावून सांगितलं. खो-खो दुपारी झाला. धनगरवाडी हरली आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा खेळायचं ठरवून गेली.

कानाची तपासणी झाली. डाव्या कानात मळ घट्ट बसून पडद्याला सूज होती, औषध चालू आहे. ग्रामीण रुग्णालयात पुन्हा दाखवायचं.

१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

दिवाळीनंतर शाळा सुरू. सडेवाडीत पालकसभा. जोडशाळेचा विषय काढला तर पहिलाच प्रश्न आला: “म्हणजे आमची शाळा बंद करून समूह शाळेत घालणार का?” २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करायचं पत्र निघालं होतं, पानशेत आणि तोरणमाळचं उदाहरण देऊन. ते लोकांच्या मनातून गेलेलं नाही.

मी स्पष्ट बोललो. जोडशाळा आठवड्यातून एक दिवस, शाळा जागच्या जागी, हजेरी आपापल्या रजिस्टरवर. बस, रस्ता, साकव नसलेल्या वाडीतली शाळा हलवायला माझा पाठिंबा नाही आणि तसा अहवाल मी देणार नाही. ज्या गावांत रस्ता चांगला, गाडीची हमी आहे, पालकांनाच मोठी शाळा हवी आहे, तिथे विचार वेगळा होऊ शकतो. सड्यावर पहिलीतल्या मुलाला जून-जुलैत दोन-अडीच किलोमीटर चालवणं हा शिक्षणाचा कार्यक्रम होऊ शकत नाही. एका पालकाने हेच लिहून द्या म्हटलं. इतिवृत्तात लिहून सही केली.

२४ नोव्हेंबर २०२५, सोमवार

काल टीईटी झाली. केंद्रातले अकरा जण बसले. गणिताचा भाग लांबला असं सगळे म्हणतात. सडेवाडीच्या मुलीला पेपर चांगला गेला. निकाल लागेपर्यंत कुणाला काही विचारायचं नाही असं मी ठरवलं आहे, पण शिक्षण परिषदेतला दीड तास बंद करणार नाही.

खालच्या वाडीची पडताळणी झाली. गटशिक्षणाधिकारी वर्गात बसले, त्या मुलाकडून पाठ्यपुस्तकातला उतारा वाचून घेतला आणि प्रस्ताव शिफारशीसह वर पाठवला. संचमान्यता हातात पडेपर्यंत पद राहिलं असं म्हणता येणार नाही. दरम्यान सहावी-सातवीचं गणित-विज्ञान केंद्रशाळेचे पदवीधर शिक्षक मंगळवारी आणि शुक्रवारी जाऊन घेतील. दोन्ही समित्यांशी बोलून झालंय, केंद्रशाळेने त्या दोन दिवसांचं वेळापत्रक सकाळकडे ओढून घेतलं आहे.

दुसऱ्या सत्राची बाकीची मांडणी अशी. जोडशाळेच्या तीन जोड्या, वार गुरुवार, ५ डिसेंबरच्या आठवड्यातला गुरुवार सोडून, कारण त्या दिवसांत संघटनांच्या आंदोलनाचं वातावरण आहे. बौद्धवाडीच्या गुरुजींच्या मानधनाचं बिल तीन महिन्यांचं एकदम अडकू नये म्हणून दर महिन्याच्या दोन तारखेला हजेरी मी स्वतः पोचवणार. ‘मुलांचा चार्ज’ आता बदली नसलेल्या शिक्षकांनीही भरायचा, दर सत्राच्या शेवटी, कारण रजा, बीएलओचं काम, आजारपण सांगून येत नाही. भरलेल्या नमुन्यांत ‘ठीक आहे’, ‘साधारण’ असे शेरे फार आलेत. धनगरवाडीच्या त्या दोन कागदांची नावं झाकून छायाप्रत सगळ्यांना दाखवणार, म्हणजे एका ओळीत काय लिहायचं ते कळेल.

धनगरवाडीच्या बाईंनी आज एक मागणी दिली: पेटी वाचनालयातली मोठ्या अक्षरांची पुस्तकं हवीत आणि चौथीच्या दोघांना स्कॉलरशिपची ओळख करून द्यायची आहे. पाचवीला त्यांना देऊळवाडीतच जायचंय, तेव्हा तिथल्या शिक्षकांबरोबर बसून दोन वर्षांचा मिळून आराखडा करू का, असं विचारत होत्या. गुरुवारी दोन्ही शाळांची एकत्र बैठक लावली आहे, दुपारी तीन वाजता, देऊळवाडीत.